संत्र्याची साल

"आजोबा, व्हा आता बाहेर. भेटायची वेळ संपली."

आजोबा उठले, पण आजींचा हात काही सोडवेना. शेवटी मीच तो सोडवला, कारण मला त्याच हाताचं बोट टोचायचं होतं.

आजी व्हेंटिलेटरवर, शुद्ध नाही. आजाराने साखर चढलेली, म्हणून पंपातून इन्सुलिन चालू. साखर तासातासाला बघायची. ती चढली तर वाईट, आणि फार उतरली तर माणूस हातचा जातो. शुद्धीतला निदान घाम फुटला म्हणून सांगेल तरी.

सकाळपासून शहाण्यासारखी वागणारी साखर एकदम आभाळाला टेकली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "डोस वाढवा." पंपाच्या बटणाकडे हात नेला आणि संत्र्याचा वास आला. नळीतून जेवणाऱ्या बाईच्या खाटेशी संत्रं कुठून आलं? आजींची बोटं हुंगली. चिकट होती. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने फळाचा रस नीट निघत नाही. हात साबणाने धुतला, पुसला, पुन्हा टोचलं. साखर सकाळी होती तिथेच होती; चढलेला आकडा बोटावरच्या रसाचा. पंप होता तसाच ठेवला.

डॉक्टरांना कळवलं आणि बाहेर जाऊन आजोबांना फैलावर घेतलं. मी तोंडाची फटकळच.

"काय चोळलंत त्यांच्या हाताला?"

त्यांनी खिशातून साल काढली. "तिला वास आवडतो हो. डोळे उघडत नाही, बोलत नाही. म्हटलं, वासाने तरी कळेल, मी आलोय."

"आणि त्यापायी जीव गेला असता म्हणजे?"

आजोबा सालीकडेच बघत राहिले. मी आवाज उतरवला.

"घरी कोण असतं?"

"ती."

माझ्या घरी तर कुलूपच वाट बघतं.

"साल उशाशी ठेवा," मी म्हटलं. "हात मात्र धुवायचे आणि मला दाखवायचे."

तेव्हापासून आजोबा रोज दाराशी उभे राहून शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करायचे. मी उलटसुलट बघायची. "अंगठा राहिला," म्हणून उगाच परत पाठवायची. ते हसत जायचे. खरं सांगते, मी त्या वेळेची वाट बघायला लागले होते.

मग एका पहाटे आजी गेल्या. साखर ताब्यात होती, हृदयच थकलं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला मी त्या खाटेवर नवी चादर घालत होते. बाहेर नळ वाहत असल्याचा आवाज आला. आजोबा आले.

"तिचा चष्मा राहिलाय का, बघायला आलो होतो," ते म्हणाले आणि ओले हात पुढे केले.

मी ते उलटसुलट बघितले.

"स्वच्छ आहेत," मी म्हटलं. "या आत."