अर्धा सूर खाली

एपिफानियोने सकाळीच, घरी दार लावून, हार्पच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या होत्या. आता ती हार्प रेकॉर्डिंगच्या खोलीत मधोमध उभी होती आणि तो तिच्यामागे चोरीचा माल दडवून बसल्यासारखा बसला होता, घामाने निथळत. छताचा पंखा बंद. त्याची घरघर माइकमध्ये जाते म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्या विल्फ्रिदोने सगळ्यात आधी तोच बंद केला होता, आणि आसुन्सिओनच्या जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, बंद पंख्याखाली बसणं काय असतं ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

पण हा घाम नुसत्या उकाड्याचा नव्हता. समोर एलोदिया उभी होती, हातपंख्याने वारा घेत.

एलोदियाने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. ब्यूनोस आयर्सच्या ऑपेरात गाऊन आलेली बाई. एन्कार्नासिओन गावी एका पियानोवाल्याने न विचारता पट्टी खाली घेतली, तेव्हा भर मैफलीत दुसऱ्याच ओळीला तिने गाणं थांबवलं, हातपंखा फटकन मिटला आणि जाऊन घरची बस पकडली. पियानोवाला बिचारा श्रोत्यांची माफी मागत बसला. हा किस्सा एपिफानियो लोकांना हसून हसून सांगायचा. अलीकडे सांगत नव्हता.

कारण अलीकडे तोही तेच करत होता. साथीला एकटी हार्प, दुसरं वाद्य नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नव्हता.

सगळी भानगड त्या एका सुराची. ओढ्यावर धुणं धुणारी बाई गाण्याच्या शेवटी पलीकडच्या काठाला हाक मारते, ती हाक. गाणं एपिफानियोचंच. तेव्हा तो तरणाबांड होता आणि एलोदियाच्या आवाजाच्या, खरं सांगायचं तर आवाजवालीच्याही, प्रेमात होता. म्हणून हाक त्याने इतकी वर नेऊन ठेवली, की तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा गळा तिथे पोचू नये. त्या वयात माणूस असले उद्योग करतो. आता वयामुळे तिचाही गळा तिथे पोचेना, आणि तोच सूर त्याच्या जिवावर उठला होता.

नुसता गळा आणि हार्प, सगळी गाणी ग्वारानी भाषेतली, असं रेकॉर्डिंग व्हावं म्हणून एलोदिया वर्षानुवर्षं झुरली होती. बाकीची गाणी झाली होती, हे एकच राहिलं होतं. मूळ पट्टीत सूर फुटला तर ती खचणार. उतरवलेली पट्टी ओळखली तर उठून जाणार. दोन्हीकडून रेकॉर्डिंग पाण्यात.

"काय रे एपी, एवढा घाम कसला?" ती म्हणाली. "चिपाचे पाव जास्त हाणलेस वाटतं सकाळी."

"उकडतंय."

"उकडतंय म्हणे. वारा घालायला बायकोला आणायचं होतंस."

काचेपलीकडून विल्फ्रिदोने हात वर केला. एपिफानियोने नखांनी तारा छेडल्या. एलोदिया गाऊ लागली आणि तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. हाकेची जागा आली. हाक सुटली, वर गेली, अलगद टेकली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"एलोदियाबाई, अंगावर काटा आला बघा," विल्फ्रिदो म्हणाला.

तिने तिकडे पाहिलंही नाही. "एपी, कसं झालं?"

"छान. अगदी पहिल्यासारखं."

तिने मान हलवली, कोमट पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाली, "हार्पची चावी आहे ना खिशात? तारा चढव."

"कसल्या तारा?"

"अर्धा सूर. जिथून उतरवल्यास तिथे परत ने."

एपिफानियोचा हात नकळत खिशाकडे गेला. विल्फ्रिदो माइक बंद करायचं विसरून ऐकत राहिला.

"कधी कळलं तुला?"

"विलारिका गावात, ईस्टरच्या मैफलीत. रोजच्या जिन्याची एक पायरी कमी झाली तर पायाला कळत नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. दर मैफलीनंतर विचारत होते ना, कसं झालं? आत्तासुद्धा विचारलं. आणि तुझं आपलं एकच, पहिल्यासारखं." तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "तो पियानोवाला परका होता रे. त्याच्यावर रागावून बस पकडली. तुझ्यावर रागावून कुठली बस पकडू? गाणं जमलं की नाही हे मी जन्मभर तुझ्या तोंडून ऐकून ठरवलं. आता कुणाला विचारायचं?"

त्याने चावी काढली.

तारा चढवायला वेळ लागला. विल्फ्रिदोने पंखा सुरू केला, तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, आणला. कुणी हात लावला नाही. एखादी तार तुटावी, आजचा दिवस टळावा, असं एपिफानियोला फार वाटलं. एकही तुटली नाही. नको तेव्हा या तारा किती इमानी असतात.

पंखा पुन्हा बंद झाला. एलोदिया गायली. हाकेची जागा आली, आणि सूर वर पोचण्याआधीच फुटला. ती थांबली नाही, पुढची ओळ घेऊन गाणं पुरं केलं. शेवटची तार विरेपर्यंत कुणी हललं नाही. विल्फ्रिदो उगाच बटणांशी चाळा करू लागला.

"एपी, कसं झालं?"

"छान" जिभेवर तयारच होतं, सवयीने. एपिफानियोने ते गिळलं. खाली मान घालून सांगणं सोपं गेलं असतं, पण त्याने तिच्याकडे बघून सांगितलं.

"फुटला."

"कुठे?"

"हाकेवर. आणि आजच नाही. विलारिकाच्या आधीच फुटायला लागला होता. मला सांगवलं नाही, एलोदिया. भ्यालो."

तिने हातपंखा फटकन मिटला. एपिफानियोने डोळे मिटून घेतले. आता दार वाजणार.

दार वाजलं नाही. फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर एलोदिया हार्पला खेटून बसली होती, डोळे भरलेले.

"ठीक आहे. मग उतरव तारा," ती म्हणाली. "आणि या खेपेला माझ्यासमोर उतरव."

त्याने चावी पहिल्या खुंटीला लावली. तिने हातपंखा पुन्हा उघडला, आणि त्याचे दोन्ही हात कामात होते म्हणून ती त्याला वारा घालत राहिली.