बिनआवाजाची फटफटी

मी एक फटफटी. माझं नाव माझ्या आवाजावरूनच पडलं, आणि त्या आवाजाचा मला एके काळी भारी तोरा होता.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. तेलाच्या कामावर आलेल्या एका साहेबाबरोबर मी १९५३ साली बोटीने कुवेतला उतरले. दोन वर्षांनी साहेब मायदेशी परतला आणि मी जाफरच्या हाती आले. जाफर मूळचा हर्णैचा. लाँचवर इंजिनाचं काम शिकलेला. कुवेतच्या मिरकाब वस्तीत बायको आमिनासोबत दोन खोल्यांत राहायचा. त्याने माझ्या कुशीला पत्र्याची मोठी पेटी जोडली आणि घरोघर बर्फ पोचवायला सुरुवात केली.

बर्फ लोकांना हवा असतो भरदुपारी. ऊन डोक्यावर आलं, की आम्ही बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भरून बनेद अल-गारच्या गल्ल्यांत शिरायचो. मी धडधडत यायचे, दारं उघडायची, बाया पातेली घेऊन उभ्या राहायच्या. मला वाटायचं, सगळी वस्ती माझीच वाट बघतेय.

एक दार मात्र उघडत नसे. तिथे मुनिरा नावाची म्हातारी बाई राहायची. तिने बलदियात, म्हणजे पालिकेत, तक्रार केली. तिच्यामागून आणखी चार घरांनी केली. मग हुकूमच निघाला: दुपारच्या अजानपासून असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानपर्यंत राहत्या गल्ल्यांत फटफटी आणायची नाही.

जाफरने दोनदा समज ऐकून घेतली आणि तिसऱ्यांदा तरीही मला आत घातलं. पालिकेचा निरीक्षक कोपऱ्यावरच उभा होता. त्याने मला जप्त करून थेट पालिकेच्या आवारात नेऊन ठेवलं. अकरा दिवस मी उन्हात, वाळू खात उभी होते. इकडे जाफर हातगाडी ढकलत होता. बनेद अल-गारला पोचेपर्यंत निम्मी लादी वितळून रस्त्यावर सांडलेली असायची. गिऱ्हाइकं तुटू लागली. धंदा बसला तर गावी परत जायची वेळ येणार, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं.

मी सुटले त्याच दिवशी जाफर तणतणत मुनिराच्या दारी गेला. मला त्याने गल्लीबाहेर ठेवलं होतं, म्हणून तिथे काय घडलं ते त्याने घरी आमिनाला सांगितलं तेव्हा मला कळलं. ती बाई भांडलीच नाही म्हणे. तिने त्याला नुसतं खिडकीपाशी नेलं. आत तिचा नवरा पडला होता. जन्मभर समुद्रात बुड्या मारून मोती काढलेला माणूस. आता छाती कामातून गेलेली. रात्रभर बसून खोकायचा, दुपारी कुठे घटकाभर डोळा लागायचा. आणि नेमकी तेव्हाच मी यायचे.

ते ऐकून माझा सगळा तोरा उतरला.  जाफर म्हणाला, "आमिना, बाईचं खरं हाय. आता गाडीलाच गप करायला हवं."

तो कामाला लागला. माझ्या धुराच्या नळकांड्याला भोकं पाडलेली नळी जाड नळीत बसवून जोडली, मधल्या जागेत लेथवरचा लोखंडी कीस ठासून भरला. साखळी आवळली. तरी मी खडखडतच होते. आमिना दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ओ, हा आवाज इंजिनाचा नाय. पेटी वाजतेय तुमची." तिने गोणपाटात चिंध्या भरून जाड गोधडी शिवली आणि पेटीला आतून-बाहेरून गुंडाळली. पेटी गप्प झाली, वर बर्फही टिकू लागला.

मला चालवून बघत जाफर परत आला तेव्हा ती हसत म्हणाली, "आता हिला फटफटी कशी म्हणायची?"

जाफर निरीक्षकाकडे गेला आणि म्हणाला, एकदा परीक्षा घ्या; नापास झालो तर गाडी तुमची. निरीक्षक कडक होता, पण न्यायाचा होता. दुसऱ्या दुपारी तो मुनिराच्या घरासमोर उभा राहिला. आसपासचे लोक सावली धरून जमले. बर्फाने भरलेली मी त्या दारावरून गेले, वळले आणि पुन्हा परत आले. एवढी भीती मला आवारातही वाटली नव्हती.

दार उघडलं. मुनिरा त्रासून बाहेर आली. "कधी सुरू करताय? त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. काय ते लवकर आटपा."

निरीक्षक म्हणाला, "खाला, गाडी दारावरून दोनदा गेली."

तिचा विश्वास बसेना. पुढे येऊन तिने माझ्या इंजिनावर हात टेकला आणि चटका बसताच मागे घेतला. मग ती जाफरकडे बघून चक्क हसली आणि आत जाऊन पातेलं घेऊन आली.

महिन्याभरात हुकूम बदलला. परीक्षेत उतरेल त्या गाडीला परवाना, बाकीच्यांना दुपारी बंदी. पहिला परवाना माझा. मग इतर फटफटीवाले जाफरकडे नळ्या बसवून घ्यायला रांग लावू लागले. त्यांत एका बड्या शेठच्या मुलाचीही गाडी होती, तीही आवारातून सुटून आलेली.

आता १९६७ उजाडलंय. घरोघर फ्रीज आलेत, बर्फाची गरज सरलीय. जाफरचं मिरकाबात स्वतःचं गॅरेज आहे आणि मी त्याच्या दर्शनी भागात धुऊनपुसून उभी असते. नवीन गाड्या येतात घुमत, जातात कुजबुजत. मी मनातल्या मनात ताठ होते.

तुमच्याकडे गाडी असेल तर एवढंच सांगते. वस्तीतून जाताना कुठल्याशा खिडकीमागे कुणाचा तरी आत्ताच डोळा लागलाय असं समजा, आणि हलकेच जा.