तेजसचा वर केलेला हात

उम्मेहानीला शुक्रवारी हिंजवडीच्या कंपनीत टीम लीडर केलं आणि रविवारी दुपारी कात्रजच्या हॉलवर तिच्या धाकट्या भावाचा, कासिमचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरची मेजवानी, होती. दोन हजार दोन साल. दोन दिवस ती जमिनीवर पाय टेकवायला तयार नव्हती. घरात सगळ्यांना कामं वाटून दिली, तीही टाइप करून. अम्मीचा, म्हणजे कमरजहांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिला काहीच काम दिलं नव्हतं. त्यामुळे ती फुगून बसली होती.

रविवारी सकाळी आठ वाजता आचाऱ्याचा फोन आला. "ताई, मुलगी झाली! आत्ताच! मी दवाखान्यातनं हलत नाही बघा."

"अभिनंदन! पण बिर्याणी?"

"सामान आणि बिर्याणीच्या मोठ्या देगा काल टाकल्यात हॉलवर. मुलगी अगदी माझ्यावर गेलीय हो!" फोन बंद.

तीनशे माणसं येणार होती. उम्मेहानीने टीमला फोन लावले. दहा वाजेपर्यंत सहा इंजिनीअर इस्त्रीचे शर्ट घालून हॉलच्या मागच्या अंगणात कांद्याच्या पोत्यांसमोर उभे होते. तिने लगेच हुकूम सोडले. योगेश कांदा, नम्रता तांदूळ, उत्कर्षा चूल. अर्ध्या तासात योगेश ढसाढसा रडत होता, धुताना तांदूळ वाहून गटारात चालले होते आणि चुलीतून नुसता धूर येत होता. उत्कर्षाला तर हसू आवरेना. ती खोकायची, मग पुन्हा हसायची.

वाशीमहून आलेला तेजस कोपऱ्यात हात वर करून उभा होता.

"थांब जरा," उम्मेहानी म्हणाली. मग पुन्हा, "एक मिनिट." तिसऱ्यांदा तिचं तिलाच काहीतरी टोचलं.

"तेजस, कधीपासून हात वर आहे तुझा?"

"शुक्रवारच्या मीटिंगपासून, मॅडम."

 मग योगेश कांद्याच्या अश्रूंतच इतका हसला की खाली बसला. उम्मेहानीही हसली, पण कान लाल झाले होते.

"चुकलंच माझं. बोल."

"माझे बाबा लग्नाच्या पंगतींचं रांधतात जी. बिर्याणी मी कधी केली नाही, पण मोठ्या भांड्याचा जाळ मला समजते."

"मसाला मला समजतो," मागून आवाज आला. अम्मी खुर्चीसकट पुढे सरकत होती. "मला कुणी विचारलंच नाही!"

उम्मेहानीने हातातला कामांच्या यादीचा कागद चुलीत टाकला. तिथे तरी तो कामी आला. "तुम्ही दोघं सांगा. आम्ही करतो."

मग काय मजा आली! तेजस, जो ऑफिसात 'हो' आणि 'नाही'पलीकडे बोलत नसे, तो शर्टाच्या बाह्या सारून ओरडत होता, "लाकडं मागं ओढा! मॅडम, तुम्ही पाणी आणा!" आणि मॅडम जरीच्या ओढणीचा पदर खोचून बादल्या घेऊन पळत होत्या. अम्मी डोळे मिटून वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून पुदिना, बेटा."

देगीचं झाकण बंद करून बिर्याणी दमाला लावली तेव्हा तेजस शेजारी बसून शुक्रवारची गोष्ट बोलला. त्यांच्या प्रोग्राममध्ये तारखांचा हिशेब एका ठिकाणी उलटा पडत होता. क्लायंटला ती चूक सोमवारी दिसलीच असती.

"आणि मी तुला गप्प बसवलं," उम्मेहानी म्हणाली. "उद्या मीटिंगमध्ये तूच सांग. तू शोधलंस, हेही मी सांगेन."

जेवणं पाऊण तास उशिरा सुरू झाली. पहिला घास घेऊन अब्बांनी, मुनव्वरभाईंनी, विचारलं, "आचारी कोण?"

"तेजस. आणि अम्मी," उम्मेहानीने सांगितलं. अम्मीने तेजसला आपल्याजवळ ओढून बसवलं आणि त्याच्या ताटात इतकं वाढलं की तो घाबरला.

चार वाजता देगा घासायच्या होत्या. नम्रता एका देगीत पार आत उतरली आणि तिथून गाऊ लागली. आवाज असा घुमला की नवरी हातावरची मेंदी विसरून धावत आली. "मलाही!" म्हणत तिने चपला काढल्या, आणि उम्मेहानीने हसत हसत तिला दुसऱ्या देगीत उतरायला हात दिला.