गप्प केलेली ओळ

ये, असा जवळ सरक. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तसं एक सांगतो. पण हे देवाचं नाही, आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसातलं आहे, आणि सांगताना अजून तोंड कडू होतं.

धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांत भोंगा वाजावा, असा प्रोग्राम आम्ही लिहितो. पाच टीम एकाच कोडात हात घालतात. जिथे काही खटकतं तिथे कोड तपासणारा कंपायलर वॉर्निंग देतो. अशा चार हजार साचल्या होत्या. कोणी बघत नसे, कारण ऑफिसचा रिवाजच तसा: ज्याचा हात ओळीला शेवटी लागला, ओळ त्याची आणि तिच्यातली चूकही त्याची. म्हणून वॉर्निंग दुरुस्त न करता तिच्यावर गप्प बसायची खूण टाकायची आणि मोकळं व्हायचं. मीही तेच करायचो.

करडी गावची कीर्ती नवीन आली. तिनं साऱ्या खुणा काढल्या आणि एकेक वॉर्निंग वाचायला बसली. आमचे धनंजय साहेब डबा खाता खाता म्हणाले, "काय कीर्ती, तांदळातले खडे वेचून राहिली का?"

"हो सर. दात तर खाणाऱ्याचे जातेत न."

"एक ओळ टाक, साऱ्या बंद होतेत. सोमवारी तपासणी आहे."

न वापरलेली नावं, जुन्या पद्धती, असल्या वॉर्निंग तिनं सोडून दिल्या. मोठा आकडा लहान जागेत कोंबलेल्या एकोणीस ओळी तेवढ्या बाजूला काढल्या. मग मला बोलावलं.

"ईश्वरभाऊ, हे पाहा. विसर्ग बत्तीस हजारांच्या बराच वर गेला का आकडा उलटते, उणे होते. प्रोग्रामले वाटते नदी आटली."

तिनं चाळीस हजार टाकले. भोंगा मुकाच राहिला. ओळ माझी होती, वरची खूणही माझी. माझं नाव तिनं वाचलं होतं, पण घेतलं नाही.

"मी करून टाकते, भाऊ," एवढंच म्हणाली आणि ती ओळ दुरुस्त केली.

तपासणीला आलेल्या बाईंना तिनं चूक स्वतःहून सांगितली. बाईंनी विचारलं, "ही ओळ कोणाची?"

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. शेवटचा हात कीर्तीचा. "हिचीच," ते म्हणाले, जेवणानंतर सुपारी मागावी तसे.

कीर्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून बसलो.

आठवड्यात तिला घरी बसवलं. साहेबांनी ती एक ओळ टाकली, चार हजार वॉर्निंग बंद, उरलेल्या अठरा ओळीही त्यातच झाकल्या. त्यांची तिच्या हातची यादी माझ्या खणात आहे. दर एकादशीला मी टाळ धरतो, तेव्हा स्वतःच्याच हातांची किळस येते.

कधी नदीकाठी भोंगा वाजला आणि लेकरं-गुरं घेऊन तू वेळेत वर आलास, तर देवाचं नाव घेशीलच. त्याच्यामागून करडीच्या कीर्तीचंही घे, बापा.