आयतचा साफ रिपोर्ट

मोहल्ल्यातली लग्नं मी जमवते. नोकरी शाळेत केली, पण पनवेलमध्ये गुलशनचं नाव झालं ते यात. मी जमवलेली लग्नं टिकतात. दोन टिकली नाहीत, पण त्यात दोष मुलाकडच्यांचा होता.

माझ्याच भावाच्या मुलीचं, आयतचं, मात्र काही केल्या जमेना. मुलगी देखणी, खारघरच्या कॉलेजात बायोटेक शिकलेली, तिथेच एका लॅबमध्ये नोकरीला. अडचण एवढीच, की लहानपणी तिला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त धड तयारच व्हायचं नाही. दर महिन्याला दुसऱ्याचं चढवायचं, तेव्हा कुठे पोरगी शाळेत जायची. मग तिचा थोरला भाऊ ओवेस जुळला. त्याच्या हाडांतली मज्जा हिला दिली आणि हिचं रक्त हळूहळू आपलं आपण तयार व्हायला लागलं. आधी हिचा गट बी होता, तो ओवेससारखा ओ झाला. तेव्हापासून तो तिला चिडवतो, माझ्या रक्तावर जगतेस, निदान माझा चहा तरी करत जा. ती करत नाही.

हे सगळं मोहल्ल्याला तोंडपाठ. लोक म्हणायचे, बरी झाली, अल्लाचं करम, आणि आपल्या मुलासाठी दुसरीकडे बघायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अशात उरणच्या यासीनचं स्थळ आलं. बंदरात नोकरी, बोलायला कमी, पण समोरच्याचं नीट ऐकून घेणारा. मज्जा देण्याआधीच्या कडक औषधांमुळे आयतला मूल होईलच असं डॉक्टर सांगू शकत नव्हते, हे मी पहिल्याच भेटीत त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, नाही झालं तर नाही. तेव्हाच मला मुलगा पसंत पडला.

त्याच्या घरातही हा आजार होता. यासीन स्वतः मायनर, म्हणजे धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारा. त्याची मोठी बहीण रुबीना याच दुखण्याने लहानपणी गेली. त्यामुळे त्याची आई, हमीदाबी, दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून पिणार. आमच्या जमातीचा नियमच आहे, मेहेरचं, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचं, नंतर, आधी दोन्हीकडचे रक्ताचे रिपोर्ट मध्ये ठेवायचे. दोघंही मायनर निघाली तर चहा पिऊन उठायचं. एक साफ असेल तर पुढे बोलायचं.

आयतने जमातीच्या कॅम्पात तपासणीसाठी रक्त दिलं आणि रिपोर्ट आला, साफ. मायनरसुद्धा नाही. नसीमभाभीने, म्हणजे तिच्या आईने, कागदाचे मुके घेतले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पेढे आणले. माझा भाऊ अमजद कुवेतला असतो, तो फोनवर रडला.

आयतने पेढा हातात धरला तो धरलाच. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, आता आणखी काय बिनसलं?

"फुफी, हा रिपोर्ट माझा नाही," ती म्हणाली. "ओवेसचा आहे."

वर नाव तर तुझंच आहे, मी म्हटलं. मग तिने मला समजावलं. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, आणि त्या दुपारी ती मला.

"समज, आपल्या टाकीत शेजारच्यांच्या बोअरचं पाणी भरलं. नळाखाली ग्लास धरला तर पाणी गोड लागेल. म्हणून आपली विहीर गोड झाली का?"

तिचं रक्त ओवेसच्या पेशी तयार करतात. कॅम्पवाल्यांनी तपासलं ते तेच. बाकीची आयत, कातडी, केस, आणि जिथून मूल येतं ते सगळं, जन्मली तशीच आहे. मूल झालं तर तिच्याकडून दोष जाणारच, दर वेळी. यासीनकडून गेला नाही तर मूल त्याच्यासारखं मायनर. गेला तर लहानपणीच्या तिच्यासारखं आजारी. निम्मी निम्मी शक्यता.

हल्ली म्हणे दुसऱ्याची मज्जाही लागत नाही, आजाऱ्याच्याच पेशी बाहेर काढून त्यांतला जीन दुरुस्त करून परत घालतात, मी कुठेसं वाचलं होतं. ती म्हणाली, लॅबमध्ये आम्ही दिवसभर त्याचंच बोलतो. पण त्यानेही रक्तच सुधारतं, फुफी, पुढच्या पोराचं नशीब नाही.

मग ती म्हणाली, "आजवर माझ्या प्रत्येक कागदावर काही ना काही लिहिलेलं असायचं. पहिल्यांदा एका कागदावर मी बरी आहे. काल रात्री मी तो उशाशी घेऊन झोपले."

इतकी वर्षं या मुलीला आम्ही हिंमतवाली हिंमतवाली म्हणत आलो, पण बाकीच्या मुलींसारखं व्हायचंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

नसीमभाभीने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. जमातीने मागितला तो रिपोर्ट आपण दिला, खोटं काय बोललो? खरं सांगते, क्षणभर मलाही तेच पटलं. एवढं चांगलं स्थळ, आणि नियमात कुठेही चूक नाही. भाभीचा मला राग आला नाही. हॉस्पिटलच्या बाकांवर तिची जवानी गेली होती. अमजदला विचारलं तर म्हणाला, गुलशन, तूच बघ. माझा भाऊ असाच, अवघड तेवढं माझ्याकडे.

पण आयतनेच ठरवलं होतं. मी सांगणार, ती म्हणाली, तुम्ही कुणी नाही. आवडतो ना तो तुला, मी विचारलं. म्हणून तर, म्हणाली.

रविवारी ते आले. हमीदाबींनी यासीनचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, भाभीने आयतचा. हमीदाबींनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि डोळे पुसले. तेवढ्यात आयत बोलायला लागली. टाकी, बोअर, विहीर, सगळं अगदी मला सांगितलं तसंच. निम्मी निम्मी हे तिने दोनदा सांगितलं. पोटात असतानाच मुलाची तपासणी होते, तिने सांगितलं, पण तपासून पुढे काय करायचं ते दोघांनी डॉक्टरांना भेटून आधी ठरवावं लागेल, आणि ते सोपं नसेल.

भाभी पदराआड रडत होती. हमीदाबींनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, संपलं, आता उठतील.

त्या खरंच उठल्या, आणि आयतशेजारी येऊन बसल्या. सुई कुठल्या हाताला लावायचे, त्यांनी विचारलं. आयतने डावा हात पुढे केला. पालथ्या हातावरचे जुने डाग त्यांनी अंगठ्याने चाचपले. म्हणाल्या, रुबीनाची शीर सापडायचीच नाही, मग पायाला लावायचे.

"मला भीती वाटते, बेटा," त्या म्हणाल्या. "ती जाणार नाही."

"मलाही वाटते," आयत म्हणाली.

यासीन इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो म्हणाला, "अम्मी, तिला गप्प बसता आलं असतं."

"गप्प बसली असती तर मी पुन्हा हॉस्पिटलच्या त्या बाकावर जाऊन बसले असते, आणि का बसले तेही मला कळलं नसतं."

हमीदाबींनी टेबलावरून आयतचा रिपोर्ट उचलला आणि घडी घातली. परत करतायत म्हणून भाभीने हात पुढे केला. पण त्यांनी ओवेसला हाक मारली. तो सरबताचा ट्रे घेऊन दारातच थिजला होता.

"हा तुझा आहे ना? नीट ठेव. तुझ्यासाठी मुलगी बघताना लागेल."

ओवेसने कागद घेतला. आयतचा हात मात्र हमीदाबींनी अजून सोडला नव्हता.