चौघांची केबिन

सिद्धलिंग टाकीवाल्यानं आईशी खोटं बोलायचं ठरवलं, ते रेणुकादासच्या गारेगार ऑफिसात, जहाजांची चित्रं बघता बघता. बाहेर लातुरात त्या उन्हाळ्यात अशी तऱ्हा, की आलेल्या पाहुण्याला लोक 'चहा घ्या' म्हणायचे, 'पाणी घ्या' कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि हा गडी समुद्रावर फिरायला जहाज निवडत होता! बरं, त्यात वाईट काय म्हणावं? दुष्काळानं गंजगोलाईतली सगळी दुकानं झोपली, पण प्लॅस्टिकच्या टाक्या विकणाऱ्याचं दुकान पळत सुटलं. लोकांच्या तहानेवर आपण सिंगापूरला निघालो, हे त्याला टोचत होतं. टोचत होतं, पण जायचं होतंच.

"अप्पा, तीन पिढ्या न्यायच्या तर हे लहान जहाज घ्या," रेणुकादास म्हणाला. सहली काढून देण्यात त्याची हयात गेलेली. "स्वयंपाक सगळा शाकाहारी, खोली पाच जणांची. आजींना कसलाच त्रास नाही."

"आणि ते दुसरं?"

"ते मोठं. पाण्याच्या घसरगुंड्याच नऊ आहेत. पोरांची नुसती चंगळ. पण खोली चौघांचीच. पाचवं माणूस वेगळ्या मजल्यावर, एकटं."

लेक बसवलीला, सतराची, आणि लेक चन्नवीर, चौदाचा, या दोघांचे डोळे मोठ्या जहाजाला चिकटले ते निघेचनात. "पप्पा, लहान जहाजावर काय भजनं म्हणायची?" लीला म्हणाली. उमादेवी नवऱ्याकडं बघत राहिली, बोलली काही नाही.

सिद्धलिंगाच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. गल्लीत टँकर यायचा आठ दिवसांनी, घरटी दोनशे लिटर. घरात माणूस नसलं की पाळी गेली. दारात सतरा टाक्यांचे नमुने उभे असले म्हणून त्यात पाणी थोडंच येतं? कुणीतरी घरी राहायला पाहिजे होतं. कोण, हे त्यानं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही.

"चौघांची करा," तो म्हणाला.

आता आईला सांगायचं कसं? शरणम्माला शहात्तरावं लागलेलं. माहेर जिल्ह्यातल्याच मुरुडचं, सासर लातूरचं, त्यापलीकडं तिनं जग बघितलं नव्हतं. सिद्धलिंग झाला तो बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा दीड कोसावरून घागर आणून तिनं याला न्हाऊ घातलेलं. जहाजाचा विषय निघाल्यापासून म्हातारी हरखून गेली होती. "एकदा डोळे भरून पाणी बघायचंय बाबा," एवढंच म्हणायची.

सांजेला तो तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, जहाजावर चढताना तपासणी असते. अंगावरचं सगळं काढून द्यावं लागतं. गळ्यातलं लिंगसुद्धा."

आणि असं खोटं आमच्या लिंगायताच्या पोरालाच सुचायचं! तान्हेपणी गळ्यात बांधलेलं लिंग मातीत जाईपर्यंत उतरवायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. शरणम्मानं बाळंतपणात उतरवलं नव्हतं, विषमज्वरात उतरवलं नव्हतं, नवऱ्याला समाधीत बसवलं त्या दिवशीही उतरवलं नव्हतं. सकाळी लिंगाला पळीभर पाणी घालून पूजा केल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नव्हता.

तिचा हात गळ्याशी गेला.

"मग न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या. टँकरला तरी माणूस पायजेच की."

चोराला घरधन्यानंच कडी काढून द्यावी, तसं झालं. सुटलो, असं आधी त्याला वाटलं. मग त्या वाटण्याचीच लाज वाटली.

स्वयंपाकघरात उमादेवी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आत्याबाईंना खोटं सांगितलंत ना?"

"तू गप बस."

"गपच बसले होते त्या ऑफिसात. तेच चुकलं माझं."

पुढचे वीस दिवस सिद्धलिंगाला अन्न गोड लागलं नाही. दुकानात गिऱ्हाईक टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, की ह्याला उगाच घाम फुटायचा. इकडं म्हातारी मात्र जोरात कामाला लागलेली. बोटीवर पोरांचे हाल नकोत म्हणून तिनं शेंगदाण्याची चटणी कुटली, दशम्या केल्या. दुपारी चन्नवीरच्या फोनवर समुद्र बघायची. "आणि हे समदं खारं? प्यायला थेंब न्हाई? काय बाई तरी!" असं म्हणून पुन्हा दाखव म्हणायची. सिद्धलिंग शेजारच्या खोलीत ते ऐकत बसायचा. तीनदा तो सांगायला म्हणून उठला. एकदा तर तिच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि "गोळ्या घेतल्यास का?" विचारून परत फिरला. भित्रा मेला!

निघायच्या आदल्या सकाळी शरणम्मानं चौघांना बोलावलं. जमिनीवर पांढरं धुतलेलं फडकं अंथरलेलं.

"आणा तुमची लिंगं," ती म्हणाली. "तिथं कुणाकुणाचे हात लागायचे. माझ्यापाशी ठेवून जा, रोज पूजा करीन."

"पाच-पाच पूजा?" लीला म्हणाली. "आज्जी, पाणी कुठंय?"

"आंघोळ एक दिवसाआड करीन. आणि पूजेचं पाणी वाया थोडंच जातं? तीर्थ म्हणून मीच पिते."

पोरांची लिंगं देवघरात डबीत असायची, ती त्यांनी आणून ठेवली. उमादेवीनं गळ्याशी हात नेला, नवऱ्याकडं रोखून बघितलं आणि हात तसाच खाली घेतला.

"सिद्धू, तुझं?"

सिद्धलिंगाच्या सदऱ्याआत काही नव्हतं. बारा वर्षं झाली, उकाड्यात दोरा काचतो म्हणून त्यानं लिंग काढलं, आणि कपाटाच्या खालच्या खणात, लग्नातल्या फेट्याखाली ठेवलं ते ठेवलंच. आईला कळलेलं नाही, अशी त्याची खात्री. "आणतो," म्हणून तो आत गेला. धूळ पुसायला रुमाल हातात घेतला, खण ओढला आणि फेटा बाजूला केला.

चांदीची डबी लख्ख होती. आत लिंगाभोवतीचं कापड ओलं होतं. त्यावर भस्माची तीन बोटं, आणि बेलाचं पान, त्याच सकाळचं.

तो तिथंच खाली बसला. रोज सकाळी आपण न्हाणीघरात जातो आणि मागं ही हा खण उघडते! बारा वर्षं. ह्या उन्हाळ्यातसुद्धा, अंगावर दोन तांबे घेऊन आंघोळ उरकणारी ही बाई, ह्या लिंगाची पळी चुकवत नाही.

"सापडलं का रे?" बाहेरून हाक आली.

तो डबी घेऊन बाहेर आला. "आई," तो म्हणाला, "काढावं लागत न्हाई. मी खोटं बोललो."

पोरं बापाकडं बघतच राहिली. शरणम्मा फडक्याची सुरकुती काढत होती.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "शेजारचा मडिवाळप्पा दोनदा लेकाकडं दुबईला जाऊन आला, गळ्यात घालूनच. तू सांगितलंस त्याच सांजेला विचारलं त्याला."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मला नको म्हणायला तुझी जीभ रेटंना, म्हणून तू देवाला मधी घातलंस. म्हणलं, जाऊ दे, पोराला कशाला अडचणीत आणायचं."

सिद्धलिंगानं तिथल्या तिथं फोन लावला. पाचवं तिकीट करा, नाहीतर माझ्या जागी आईला घाला, टँकरला मी थांबतो, काय वाट्टेल ते करा! पलीकडून रेणुकादास हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, उद्या निघायचंय. आजींचा व्हिसाच काढला नाही आपण."

फोन ठेवून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी, आई. नक्की नेतो."

"हाव, पुढच्या वर्षी," शरणम्मा म्हणाली, पोराला खाऊ नंतर देते म्हणावं तशी. मग त्याच्या हातातली डबी घेऊन म्हणाली, "मान खाली कर."

चव्वेचाळीस वर्षांच्या सिद्धलिंगानं मान वाकवली. तिनं डबीतलं लिंग कापडासकट शिवदोऱ्यात बांधून त्याच्या गळ्यात घातलं, नीट केलं. ओलं कापड छातीला लागलं तसं त्याला रडू फुटलं, पोरांसमोरच.

"बारा वर्षं पळीपळीनं पाणी घातलंय मी ह्याला," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर सदऱ्याच्या बाहेर काढ. एवढं मोठं पाणी ह्याला तरी दाखव."

गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. शरणम्मानं पदर खोचला, घागर उचलली आणि पाळी धरायला बाहेर गेली.