कुरुंद्याच्या हळदीचे नंबर मी लावतो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत आणि उरलेली हळदीने पिवळी झाली आहेत. पण म्हणून मला बिचारा समजू नका हं! कुरुंद्याच्या आमच्या शेतकऱ्यांच्या हळद गटात माझ्याइतका मान ना ट्रॅक्टरला आहे, ना वजनकाट्याला. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे.

माझी पहिली सहा वर्षे नांदेडच्या एका कचेरीत पत्रे लिहिण्यात गेली. मग मला गोधडीत गुंडाळून जीपमधून इकडे आणले. मला बघून गावाने नाक मुरडले. "हे डबडं काय हळद शिजवनार हाय?" असे कोणीतरी म्हणाले आणि सगळे खो खो हसले. मी मनात म्हटले, हसा लेको.

हळद मी शिजवत नाही, पण कोणाची कधी शिजेल ते मी सांगतो. त्याचे असे आहे, गटाकडे हळद शिजवायचा मोठा कुकर एकच, माझ्या खोलीच्या खिडकीसमोर उभा. काढणी मात्र सगळ्या गावाची एकदमच येते. काढलेली ओली हळद चार दिवसांत शिजली तर रंग धरते. पडून राहिली की माती होते, आणि वरून पाणी पडले तर वर्षाची मेहनत वाया गेलीच समजा. म्हणून कुकरला नंबर लावावा लागतो. पूर्वी तो एका वहीत लागायचा आणि वही असायची गटाचे अध्यक्ष विजयकुमार यांच्या घरी, ओसरीवर.

मला चालवते ती शिवकन्या. काय पोरगी आहे म्हणून सांगू! पहिल्याच वर्षी लोकांनी तिची गंमत केली. रेशनच्या रांगेत चप्पल ठेवून जावे तसे सगळ्यांनी दिवाळीतच नंबर लावून टाकले. हळद अजून जमिनीत आणि नंबर माझ्या पोटात! काढणी आली तेव्हा ज्याचा नंबर होता त्याची हळद निघाली नव्हती, आणि ज्याची निघाली होती त्याचा नंबर नव्हता. भांडणे झाली. शिवकन्या रडली, मग डोळे पुसून तिने नवा नियम केला. हळद काढल्याची तारीख सांगितल्याशिवाय नंबर नाही. त्या दिवसापासून प्रत्येकाची काढणीची तारीख आणि शिजल्याची तारीख मी जपून ठेवू लागलो.

मागच्या वर्षी मात्र ऐन हंगामात माझा पडदा गेला. बारा दिवस मी आंधळा होऊन पडलो होतो. तेवढे दिवस वही पुन्हा ओसरीवर गेली. मी बरा झाल्यावर शिवकन्येने घरोघर विचारून त्या बारा दिवसांच्याही तारखा माझ्यात भरल्या. पण विजयकुमारांच्या मनात आलेच, की याच्यावाचून काही अडले नाही, मग हे हवे कशाला?

यंदा मार्चमध्ये सगळ्या हळद गटांच्या संघाकडून संगिता मॅडम आल्या. गटागटांतल्या संगणकांचा खरेच फायदा होतो का, ते तपासणे हे त्यांचे काम. फायदा नाही असे त्यांनी लिहिले की त्याच दिवशी मला बंद करायचे आणि नंबर पुन्हा वहीत घ्यायचे, असे गटाने ठरवून टाकले होते.

त्याच वेळी सुमनबाई आपला नंबर बघायला आल्या होत्या. त्यांचे एक एकर रान. त्यांचे यजमान रामकिशन ट्रकवर असतात, वारंगा फाट्यावर उतरून महिन्यातून दोनदा घरी येतात. सुमनबाईंची हळद काढून तीन दिवस झाले होते, नंबर दुसऱ्या दिवशी सकाळचा होता, आणि आभाळ भरून आले होते. मी बंद पडलो तर तो नंबर राहील का, याच काळजीने त्या दाराशी खिळून राहिल्या.

मॅडमनी मनगटावरचे घड्याळ बघितले. वहीत नंबर लिहायला अर्धे मिनिट. माझ्यात, लाईटची वाट बघण्यासकट, चार मिनिटे. माझी तर लाजेने मान खाली गेली असती, मान असती तर.

"बघा मॅडम, म्या काय म्हनलो होतो?" विजयकुमार म्हणाले.

मॅडमनी पेन ठेवले. त्यांनी शिवकन्येला विचारले, "हळद काढल्यापासून शिजेपर्यंत कोणाला किती दिवस लागले, हे निघेल का?"

अहो, इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेच नव्हते! मी क्षणात यादी काढून दिली. मी चालू होतो तेव्हा लहान असो की मोठा, सगळ्यांची हळद तीन-चार दिवसांत शिजलेली. वहीच्या बारा दिवसांत मोठ्या शेतकऱ्यांना एक दिवस आणि एकरवाल्यांना नऊ-दहा. यादीत पहिले नाव विजयकुमारांचे होते, काढली त्याच दिवशी शिजली.

त्यांनी ते स्वतःच वाचले. चेहरा पडला. "म्या कोनाला मागं ढकललं न्हाई मॅडम. आईशप्पत न्हाई."

"तुमी न्हाई ढकललं भाऊ," सुमनबाई दारातूनच म्हणाल्या. "तुमच्या ओसरीवर जो बसला, त्याचा नंबर लागत गेला. आमी बायांनी तुमच्या ओसरीवर कवा बसावं? हितं खिडकीतून बघता येतं, कोनाची मिनतवारी न्हाई. मागच्या साली दहा दिवस माझी हळद पडून काळी झाली. काहून झाली, ते मला आज कळून राहिलं."

मॅडमनी कागदावर काय लिहिले ते मला दिसले नाही, पण मला कोणी बंद केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकरसमोर देविदासची ट्रॉली येऊन उभी! देविदास म्हणजे वीस एकरांचा धनी, विजयकुमारांचा जिवलग. सुमनबाई आपल्या ढिगाशेजारी नुसत्या उभ्या. शिवकन्येने काय केले असेल? मला उचलले आणि माझे तोंड खिडकीकडे फिरवले. सुमनबाई पहिल्या, देविदास पाचवा. त्याने वाचले आणि विजयकुमारांकडे पाहिले.

"माझ्याकडं काय पाहून राहिला देवा? नंबर माझ्या हातात न्हाई आता. फिरव ट्रॉली."

देविदासने ट्रॉली फिरवली, मित्रांनो! दुपारी सरी कोसळल्या तेव्हा सुमनबाईंची हळद शिजून ताडपत्रीखाली वाफाळत होती.

संध्याकाळी सुमनबाई आत आल्या आणि त्यांनी पदराने माझा पडदा पुसला. माझे एवढेच मागणे आहे. आमच्यावर धूळ साचू देऊ नका, आणि आमच्या पोटात काय आहे ते विचारत जा. आम्हाला आपणहून बोलता येत नाही. आणि माझा उपयोग काय असे कोणी विचारलेच, तर त्याला कुरुंद्याला सुमनबाईंच्या अंगणात पाठवा. यंदाची हळद तिथे वाळते आहे, अगदी पिवळीधमक.